मामाने पाळलेलं वादळ

सायलीताईने पैज लावली आणि मी "चल, लागली" म्हणालो. मेलो तो तिथंच. थांबा, आधीपासून सांगतो. चहा खाली ठेवा मात्र, सांडेल.

माझा मामा कात्रजला राहतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडेच. बँकेतून आला की मागच्या खोलीत सुतारकाम. हौस हो. आणि भुसा? टीव्हीवर, देव्हाऱ्यात, वरणात. शेवटी मामी म्हणाली, "रविवारी घरभर बोट फिरवणार मी. धूळ लागली, तर त्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि तुमची करवत भंगारात."

मग मामाने जे बनवलं ना, आपण गारच पडलो. व्हॅक्यूमची मोटर, पाइप आणि एक निळं पिंप. करवतीखालचा भुसा सर्रकन ओढला जातो, पिंपात गरागरा फिरतो आणि शहाण्यासारखा तळाला बसतो. वादळ पाळलं होतं मामाने. उरलेली पिठासारखी धूळ अडवायला पुढे एक खोकं, त्यात ताणून बसवलेला उशीचा अभ्रा. तिथून गाळलेली हवा मागच्या खिडकीबाहेर. झाकणाच्या काचेतून मी तासभर बघत बसलो. शाळेत मला एवढं गप्प कुणी बसवलं नव्हतं.

"बघतोस काय नुसता?" सायलीताई म्हणाली. ही मामाची पोरगी. "याची ओढ वाढवून दाखव, मग मानते तुला."

आता मला सांगा, नाकाला रुमाल बांधला की श्वास जड होतो का नाही? मग मशीनच्या नाकावरचा रुमाल काढायचा. सोप्पं. अभ्रा काढला, बटण दाबलं आणि माझ्या पायातली चप्पल पाइपाला जाऊन चिकटली. ताईचं तोंड उघडंच.

अभ्रा लपवायचा कुठं? माझ्या उशीवर. उशीवरच्या अभ्र्याकडे कोण बघतं? डोकं बघा आपलं. त्या रात्रीपासून मान खाजायला लागली, ते सोडा. मामीने घामोळं समजून पावडर लावली.

रविवारी मामाने सकाळपासून मुद्दाम करवत चालवली. मग मामीचं बोट निघालं. टीव्ही, पंख्याचं पातं, देव्हाऱ्याचा कळस. बोट उजेडात धरून म्हणाली, "ठीक आहे." मामीचं ठीक आहे म्हणजे काय असतं ते मामाला विचारा. डोळे भरून आले त्याचे.

मग मामी मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडया काढायला गेली. वर्षभराच्या. सगळ्या चॉकलेटी.

"हे त्या बांधकामवाल्यांचं काम," म्हणत तिने शेजारच्या साइटवरचा सुपरवायझरच धरून आणला.

"काकू, आमचा अजून खड्डाच चाललाय," तो म्हणाला. "ही धूळ लाकडाची दिसतीये."

"आमच्याकडची?" मामा हसला. "साहेब, एक कण बाहेर जात नाही. उभे राहा इथं खिडकीशी, दाखवतो."

मला ओरडायचं होतं. पण मामा वळलासुद्धा.

मामाने आत जाऊन फळी लावली, बटण दाबलं. खिडकीतून जो लोट आला, तो थेट दोघांच्या तोंडावर. धूळ बसली तेव्हा सुपरवायझरचं पिवळं हेल्मेट तपकिरी झालं होतं आणि मामीचे फक्त डोळे पांढरे होते.

"साहेब," सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "हिरवी जाळी लावा. आम्हाला पण लावायला लागते."

मामी ओरडली नाही. तिथंच तर भीती. "शिलाई मशीन उद्या आणते," एवढंच.

मामाने प्लग काढला. पिंपावर हात ठेवून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं गं."

हे नाही बघवलं. आत गेलो, उशी आणून मामासमोर धरली. "तुझं नाही चुकलं मामा. अभ्रा मी काढला. पैजेपायी."

मामीने उशी बघितली, मला बघितलं. "अहो, बसवा तो परत. खोली राहू द्या तुमची. आणि आता नव्याने गहू भिजवण्यापासून सगळ्या कुरडया हा घालेल." मग माझ्या लालभडक मानेकडे नजर गेली. "आणि अजून घामोळं गेलं नाही का रे तुझं?"

"मामी, घामोळं नाही ते," मी मान खाजवत म्हणालो. "सागवान आहे."