सतरा नंबरचे घर

देयानिरा अतेन्सियोविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण मला तिच्याविषयी फार थोडे ठाऊक आहे. ती दर शनिवारी पहिल्या बसने यायची, भिंतीकडच्या बाकावर बसायची आणि वहीचे पान दोन्ही बाजूंनी भरायची. घरी कोण कोण आहे, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर पुढचे काही घडले नसते.

मी तीस वर्षे नगरपालिकेत सचिव होतो. निवृत्त झाल्यावर आमच्या प्रांतातल्या विद्यापीठ केंद्राने मला नोकरी करून शिकणाऱ्यांना लोकप्रशासन शिकवायला बोलावले. मी बुजरा माणूस. फळ्याकडे तोंड करून बोलायचो. तीन वर्षांत माझ्या तासाला कुणी एकदाही हसले नव्हते.

पदवीसाठी प्रत्येकाला समाजसेवेचे एकशेवीस तास भरावे लागत. त्या वर्षीचे काम म्हणजे खेड्यांतल्या घरांची पाहणी. घरटी एक पत्रक. त्यावर नाव नाही, नुसता नंबर. जमीन कसली, भिंत कसली, माणसे किती. या पत्रकांवरून छपराच्या मदतीची यादी होणार होती. देयानिराच्या वाट्याला एल मारान्योन गाव आले. तिचा गठ्ठा सगळ्यांत नीट होता, म्हणून त्यातले सतरा नंबरचे पत्रक मी वर्गात वाचून दाखवले. शेऱ्याच्या जागी तिने लिहिले होते : "पत्रा पलंगावर गळतो. गळेल तसा पलंग सरकवतात. या पावसाळ्यात चार वेळा सरकवला."

मी सहज म्हणून गेलो, "म्हणजे हा पलंग आपल्या महापौरांपेक्षा जास्त दौरे करतो."

वर्ग हसला. असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. देयानिराही हसली, सगळ्यांच्या मागून. मला फार बरे वाटले.

पुढच्या शनिवारी रिगोबेर्तोने विचारले, "सर, पलंग कुठवर पोचला?" हा पोस्टात कामाला होता, वर्गातला विदूषक. आणि मी म्हणालो, "राजधानीच्या बसमध्ये बसलाय. खिडकीची जागा मिळाली." हे वाक्य मी आठवडाभर घोळवून ठेवले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

नियमाप्रमाणे दर गठ्ठ्यातले एक घर शिक्षकाने स्वतः जाऊन पाहायचे असे. काही मुले केंद्रातल्या आंब्याखाली बसून मनानेच पत्रके भरत. असा कुणी पकडला गेला की त्याचे समाजसेवेचे सगळे तास रद्द, पदवी एक वर्ष लांब. रिगोबेर्तो म्हणाला, सतराच बघू या, पलंगाचे दर्शन घेऊ. मीही हो म्हणालो.

तास संपल्यावर देयानिरा टेबलापाशी आली. सतराऐवजी एकवीस पाहिले तर चालेल का, तिथवर रस्ता बरा आहे, असे म्हणाली. माझ्या मनात लगेच आले : हिने ते घर रचून लिहिले आहे. इतकी चांगली मुलगी, आणि आंब्याखालची निघाली. मी कोरडेपणाने सांगितले की सतराच पाहायचे. तिने वही पिशवीत घातली.

आम्ही केंद्राच्या गाडीतून गेलो; मी, रिगोबेर्तो आणि ती. गावात शिरल्यावर डावीकडे, उजवीकडे एवढेच ती बोलली. कुडाच्या भिंतींचे एक घर आले. दारात एक म्हातारी मका निवडत होती. तिने मान वर केली.

"देयी? आज लवकर कशी गं? आणि पाव्हणे आणलेस, सांगायचं तरी. कॉफीत घालायला गूळ संपलाय."

"माझी आई," देयानिरा म्हणाली.

रिगोबेर्तोने डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. दारातूनच पलंग दिसत होता. दोन भिंतींच्या मधोमध, जिथे कुणी पलंग ठेवणार नाही अशा जागी.

आपल्याच घराचे पत्रक आपण भरू नये, हा नियम मीच फळ्यावर लिहिला होता. म्हणजे तास रद्द करण्याजोगे कारण आता माझ्या हातात होते, आणि तिलाही ते माहीत होते.

ती हळू आवाजात म्हणाली, "आमचंच गाव माझ्या वाट्याला आलं, सर. आमचं घर सोडलं असतं तर यादीत आलं नसतं. दुसऱ्या कुणाला भरायला सांगितलं असतं, तर तो घरात आला असता."

मी पत्रकावर 'पडताळले' असे लिहून सही केली. आईने बिनगुळाची कॉफी आणि तुरीचे दाणे घातलेला भात दिला. आम्ही तिघांनी मान खाली घालून खाल्ला. "तुमचे सर बोलत नाहीत वाटतं," आई म्हणाली. देयानिरा म्हणाली, "वर्गात बोलतात."

परतताना मला वाटत होते की सही करून मी तिचे तास वाचवले. नंतर कळले की सही करणे सोपे होते. तेवढ्यावर मी सुटू पाहत होतो.

दोन शनिवार ती आली नाही. वर्गात पलंगाचे नाव पुन्हा कुणी काढले नाही, रिगोबेर्तोनेही नाही. तिसऱ्या शनिवारी ती समाजसेवेच्या तासांचा दाखला सहीसाठी घेऊन आली. उरलेली परीक्षा दुसऱ्या केंद्रात देणार होती, मावशीकडे राहून. पदवी तिला मिळाली, छपराच्या यादीत सतरा नंबरही लागला, हे मला पुढे कागदांवरून कळले. ती मला पुन्हा भेटली नाही.

त्या तिसऱ्या शनिवारी तिच्याशी काय बोलायचे ते मी एका कागदावर लिहून आणले होते. कागद सदऱ्याच्या खिशात होता. दाखल्यावर सही झाली, तरी ती उभी होती. मी खिशाला हात लावला आणि पेनाचे टोपण काढून पुन्हा लावले.

"तारीख आजचीच घालू का, सर?"

"घाल. आणि झेरॉक्स दोन काढून ठेव."

"दोन पुरतील?"

"पुरतील."