लॅपटॉपमधलं बिऱ्हाड

त्या लॅपटॉपचं झाकण हाताला थंडगार लागलं होतं. माघातली सकाळ, अंगणात कोवळं ऊन, साखर कारखान्याकडून वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस-गोड वास, आणि माझ्या मांडीवर ते रुपेरी, निष्कलंक यंत्र. त्याच्या कडा इतक्या मृदू घडवलेल्या, की बोट फिरवताना धातू कुठं संपला ते उमगू नये. सुंदर वस्तू पाहिली की मन क्षणभर निःशब्द होतं. मीही झाले; मात्र माझ्या निःशब्दतेचं कारण निराळं होतं. झाकण उघडताच मला कळून चुकलं होतं, की घरांचे आराखडे काढायचं माझं सॉफ्टवेअर या यंत्रावर चालणार नाही. एखादी वस्तू देखणी असणं आणि ती आपल्या उपयोगी पडणं, या दोन गोष्टींचं नातं किती दूरचं असतं!

ते यंत्र माझ्या यजमानांनी आणलं होतं. सैन्यातून निवृत्त होऊन ते नुकतेच पलूसला कायमचे परतले होते. गाव त्यांना सुभेदार म्हणतं. लिहिताना मीही तसंच म्हणते, कारण त्यांचं नाव घ्यायची सवय मला कधी लागलीच नाही. त्यांच्या नोकरीची सारी वर्षं मी इथंच होते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर सांगलीतल्या एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात आराखडे काढायचं काम धरलं आणि तिथंच त्या सॉफ्टवेअरवर माझा हात बसला. त्यात रेघ ओढली की भिंत उभी राहते, भिंतीत खिडकी ठेवली की आत उजेड पडतो, आणि जे घर अजून जगात नाही त्याच्या खोल्याखोल्यांतून आपल्याला हिंडून येता येतं. ते फक्त विंडोजवर चालतं. विंडोजखेरीज संगणकाची आणखी एखादी दुनिया असते, हे त्या कार्यालयात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुभेदार परतायच्या सुमारास ती नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायचं मी ठरवलं होतं, आणि तसं त्यांना फोनवर सांगितलंही होतं. त्यांनी ते मनात ठेवलं. आपल्या तुकडीतल्या एका तरुण कॅप्टनला सगळ्यांत उत्तम लॅपटॉप कोणता म्हणून विचारलं. त्यानं स्वतःचा दाखवला. यांनी तसाच घेतला. जम्मूहून येताना गाडीत तो बर्थखाली न ठेवता मांडीवर धरून आणला, असं त्यांच्याबरोबर आलेल्या सोबत्याकडून मला समजलं. ते स्वतः असं काही सांगणाऱ्यांतले नव्हेत.

"सुरू कर की," ते म्हणाले. "घर कसं काढतीस ते बघू दे."

तेव्हा सांगणं भाग पडलं. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की हे यंत्र वेगळ्या जातकुळीचं आहे आणि माझ्या सॉफ्टवेअरला यात जागा नाही. त्यांनी विचारलं, की यंत्रात काही खोट निघाली का. नाही म्हटलं. मग सॉफ्टवेअरमध्ये? तिथंही नाही. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष, फक्त एकमेकांसाठी घडवलेली नाहीत. हे ऐकून ते काही वेळ उभे राहिले, मग लॅपटॉप पुन्हा त्याच्या खोक्यात निगुतीनं ठेवून खोकं कपाटावर सरकवलं. दुसऱ्या दिवशी परत करता येईल का अशी विचारणा केली. पण दुकान दूरच्या छावणीच्या शहरात राहिलं होतं आणि सील फुटलेलं होतं.

आज थोड्या अलिप्तपणे त्या दिवसांकडे पाहते, तेव्हा त्यांचं अंगणात उभं राहणं मला प्रथम आठवतं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं राहणारा माणूस! ऊसतोडीची टोळी कधी बोलवायची, मोटरीचं काम कुणाकडं द्यायचं, मुलीला कोणत्या शाखेला घालायचं, हे सारं त्यांच्यावाचून ठरत आलेलं होतं. ते सुट्टीवर येत, तेव्हा घर सणासारखं त्यांच्याभोवती गोळा होई. आता सुट्टी संपायचीच नव्हती आणि घर आपल्या नेहमीच्या गतीनं चाललेलं होतं. त्या चालत्या गाड्यात त्यांनी आपणहून एक गोष्ट आणून ठेवली होती, आणि नेमकी तीच कपाटावर जाऊन बसली होती. सांगलीच्या जुन्या कार्यालयात एक संगणक रिकामा असे. हवं तेव्हा येऊन बसत जा, असं तिथल्या सरांनी मला सांगून ठेवलं होतं. शहाणपणाचा मार्ग तोच होता. पण माणसं एकत्र राहतात ती काय निव्वळ शहाणपणाच्या बळावर राहतात? मी स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. माझं पहिलं घर मी याच यंत्रावर काढणार होते.

ते पहिलं घर कुंडलच्या हसीनाचाचींचं. गावच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानामागं दोन अंधाऱ्या खोल्या. सासरी आल्यापासून त्यांनी तिथं बसून पंचक्रोशीतल्या बायकांचे हात भरले होते. माझ्या लग्नातला चुडाही त्यांनीच भरला होता. अलीकडं अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली होती. मुलगा अल्ताफ जुनी जागा पाडून पुढं दुकान, मागं राहतं घर आणि वर दोन खोल्या असं बांधू पाहत होता. गवंडी ठरला होता. पावसाळ्याआधी जोतं व्हायला हवं होतं. पण चाची अडून बसल्या होत्या. घर पाडायचं नाही, एवढंच त्या म्हणत. कागदावरचा नकाशा त्यांच्यापुढं धरला, की मान फिरवत. बांधकाम होईपर्यंत आईला शिराळ्याला बहिणीकडं नेऊन ठेवावं आणि सरळ काम सुरू करावं, अशा विचाराला अल्ताफ आला होता. तसं झालं असतं, तर त्या बाईनं आपल्या घराकडं पुन्हा घर म्हणून पाहिलं असतं का? मला वाटलं, त्यांना ते घर उभं राहण्याआधी आतून दाखवावं. त्यासाठीच मला ते सॉफ्टवेअर हवं होतं.

प्रथम मी एकटीच झटले. व्हिडिओ पाहून पाहून एक एक उपाय केला. यंत्राची साठवण दुभागून एका भागात विंडोज बसवायचा जुना मार्ग या नव्या मॉडेलमध्ये बंदच झालेला निघाला. अखेर सातारच्या नसरीनला फोन लावला. स्थापत्याच्या पदविकेच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू. पुढं ती बांधकामाकडून संगणकाकडं वळली आणि आता भावासोबत दुरुस्तीचं दुकान चालवते. ये म्हणाली. सुभेदारांना मी बरोबर चला म्हटलं, आणि ते लगेच निघाले. एस.टी.त लॅपटॉपची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. कऱ्हाड मागं पडलं, कृष्णेचं पात्र सकाळच्या धुक्यात दिसलं-न दिसलं, आणि आम्ही दोघं शेजारी बसून होतो. इतका लांबचा प्रवास आम्ही एकत्र कधी केला होता, ते मला आठवेना.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी नसरीनचं दुकान. तिनं यंत्र हातात घेऊन आधी मनापासून त्याचं कौतुक केलं, आणि सुभेदारांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी थोडं हसू आलं. मग तिनं समजावलं. दूरचा एखादा विंडोज संगणक इंटरनेटवरून चालवता येतो; पण पलूसच्या आमच्या वस्तीवरची वीज आणि नेट यांचा लहरीपणा पाहता तो मार्ग व्यर्थ. दुसरा उपाय असा, की या यंत्राच्या आतच एक आभासी संगणक उभारायचा, त्यात विंडोज घालायचं आणि विंडोजमध्ये माझं सॉफ्टवेअर.

"म्हंजे ह्याच्या पोटात दुसरं मशीन?" सुभेदारांनी विचारलं.

"हो दाजी. विंडोजला आत बिऱ्हाडाला ठेवायचं," नसरीन म्हणाली. "मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच चुलीवर रांधणार. चालेल, पण पळणार नाही. हिनं घाई केली, तर बसकण मारेल."

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते विलक्षण सहजीवन सुरू झालं. भिंती विनातक्रार उभ्या राहत. दारं-खिडक्या जरा विचार करून येत. मात्र घर फिरवून पाहायला गेलं, की पडदा गोठे, जिन्याच्या पायऱ्या काळ्या छायेत विरघळत, आणि आतला पंखा दूरच्या मळणीयंत्रासारखा घरघरू लागे. ज्या कळीवर वर्षानुवर्षं बोट पडत आलं, ती इथं निराळंच काही करी. रुपेरी धातू इतका तापे, की हात ठेववत नसे. सुभेदारांनी एक दिवस जुन्या बाजेच्या लाकडाचं तिवईसारखं स्टँड तयार केलं, खालून वारा खेळेल असं. मग ते स्टँडजवळच खुर्ची टाकून बसू लागले. ही तुटक रेघ कशाची, खिडकीची उंची कशावरून ठरवलीस, पायरी इतकीच रुंद का, असं एकेक विचारत. पडदा गोठलेला असला, की मला उत्तर द्यायला वेळही भरपूर असे. दुपारचा चहा ते करून आणू लागले.

अशाच एका दुपारी, छपराचा उतार कसा धरला हे मी सांगत असताना, त्यांनी मधेच विचारलं, "तुला हे सगळं कवा आलं?"

"तुमी लेहला होता तवा," मी म्हणाले.

ते पडद्यावरच्या छपराकडं पाहू लागले. मीही पडद्याकडं पाहत राहिले. माझ्या आयुष्यातली वर्षं मी त्यांच्या छावण्यांच्या नावांनी ओळखत आले होते, आणि त्या नावांच्या आड माझं काय काय घडून गेलं होतं, हे ते पहिल्यांदाच मोजत असावेत. यात कुणाचा दोष होता? दोघंही आपापल्या जागी उभी होती, इतकंच. ते थोड्या वेळानं म्हणाले, की छपराचं पुन्हा पहिल्यापासून सांग. मी सांगितलं.

पडद्यावरचं घर तयार झालं, तेव्हा आम्ही दोघं कुंडलला गेलो. चाचींच्या पलंगावर स्टँड ठेवून त्यावर लॅपटॉप उघडला. अल्ताफ दारात उभा होता. त्याला या प्रकाराचा फारसा भरवसा नसावा. दुकानाचा दर्शनी भाग दिसला, उंबरा ओलांडून आम्ही आत शिरलो, आणि तिथंच चित्र गोठलं. छप्पर नाहीसं झालं, भिंतींच्या वर नुसतं कोरं आभाळ, पंख्याचा घरघराट वाढत चाललेला. बंद करून पुन्हा सुरू करावं, तर चाचींचं लक्ष उडून जायची भीती.

सुभेदार शांतपणे म्हणाले, "जरा थांबा चाची. मशीनला दम लागलाय."

"मला पन लागतो," चाची म्हणाल्या. "बसू द्या त्येला घटकाभर."

मग सगळेच बसले. अल्ताफही आत येऊन पलंगाच्या कडेला टेकला. आईशेजारी असा तो किती दिवसांनी बसला होता कुणास ठाऊक. चहा आला. चाची त्या छप्पर नसलेल्या घराकडं एकटक पाहत होत्या, आणि कागदाकडं फिरणारी त्यांची मान या वेळी फिरली नव्हती. यथावकाश चित्र हललं. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, त्यांचा पलंग दाखवला, खाटेच्या उंचीवरून दिसेल तसं दृश्य धरलं.

त्यांनी विचारलं, "हितनं दुकान दिसतंय का?"

दिसत नव्हतं. मधे जिन्याची भिंत येत होती. मी ते तसंच सांगितलं. चाची हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी दिसभर कुनाची वाट बघू?"

घर पाडण्याला त्यांचा विरोध कधी नव्हताच. बांगड्या भरायला येणाऱ्या बाया ज्या जागेवरून दिसतात आणि बांगड्यांचा किणकिणाट कानी येतो, तेवढी जागा त्यांना सोडायची नव्हती. आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. जिना हलवला, तर वरची एक खोली निम्मी होणार, हे मी अल्ताफला स्पष्ट केलं. ती खोली त्यानं आपल्या संसारासाठी योजली होती. तो आईकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "जिना मागं घ्या."

मी जिना तिथंच, त्यांच्यासमोर मागं घेतला. यंत्रानं पुन्हा अवकाश घेतला, पण या वेळी कुणी अवघडलं नाही. भिंत गेली, आणि खाटेवरून सरळ दुकानाच्या दारापर्यंतची वाट मोकळी झाली. चाचींनी उजवा हात उचलून पडद्यावरच्या त्या दाराला बोट लावलं, आणि अल्ताफला म्हणाल्या, की पाड आता जुनं.

पावसाळ्याआधी जोतं झालं. वर्ष सरायच्या आत चाची त्या खोलीत राहायला गेल्या. आजही दुकानात शिरलं, की त्या पलंगावरून आधी हाक मारतात आणि मग ख्यालीखुशाली विचारतात. त्या घरानंतर मला कामं येत गेली. माणसं एकमेकांजवळ येतात, ती एकमेकांना अनुरूप असतात म्हणून, असं मी पूर्वी मानत असे. आता मला वाटतं, की अनुरूपता पुष्कळदा मागाहून येते. खोळंबत, तापत, एकमेकांची भाषा चुकतमाकत समजून घेत. आणि कधी ती येतच नाही, हेही मी पाहिलं आहे. त्याला काही नियम नसावा.

गेल्या महिन्यात पलूसजवळच एका नव्या जागेवर आखणी चालली होती. सुभेदार नेहमीप्रमाणे बरोबर होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, पायांत तुकतुकीत बूट. नवीन गवंड्यानं सारं कामकाज त्यांनाच विचारायला सुरुवात केली. त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "मग सायेब, तुमी कोन?"

"मी टेपचं दुसरं टोक धरतो," सुभेदार म्हणाले. "बाकीचं बाईस्नी इचारा."

आणि ते टोक घेऊन प्लॉटच्या पार पलीकडच्या खुंटीपर्यंत चालत गेले. टेप ताठ झाला. मी माप वाचलं.