फ्लोरिनची पेंढ्याची मूठ

फ्लोरिनला न बोलावता तारोडी गावात डुकरीण व्यायची नाही, असं लोक म्हणत. ते ऐकून फ्लोरिन नाक उडवायची. पण चार दिवस कोणी तसं म्हटलं नाही, तर ते का म्हटलं नाही याचा तिला संशय यायचा. बाई तशीच होती. मासळीवाली हसून बोलली तर पापलेट शिळं आहे, आणि न हसता बोलली तर मनात काहीतरी आहे. जहाजावर असलेला मुलगा, ॲरन, फोनवर "बरा हाय" म्हणाला की तो आजारी आहे. संशय घ्यायला तिला कारण लागत नसे, माणूस दिसला की पुरे.

मात्र जनावरावर तिनं कधी संशय घेतला नाही. डुकरांचं सगळं ती बापाकडून शिकली होती. अडलेली डुकरीण सोडवायची, नर पिल्लं खच्ची करायची, अंगावर न पिणाऱ्या पिल्लाला चमच्यानं दूध पाजायचं. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना कोणाचा निरोप आला तरी ती उठून जायची, आणि फादर प्रवचनातून तिच्याकडे बघत राहायचे. या कामाचे पैसे ती घेत नसे. गावात कोणाकडे लग्नासाठी डुक्कर कापलं की त्यातला वाटा तिच्या घरी आधी पोचायचा, एवढंच.

तिची एक रीत होती. एखाद्या घरी डुकरीण भरपूर आणि धडधाकट व्याली की फ्लोरिन तिच्याखालचा मूठभर पेंढा उचलायची, पदराच्या टोकात बांधायची आणि पुढच्या गाभण डुकरिणीच्या अंगाखाली नेऊन टाकायची. एका घरची बरकत दुसऱ्या घरी. बाप हेच करायचा. फादरनी याला एकदा अंधश्रद्धा म्हटल्यापासून ती हे गुपचूप करायची, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

गावातल्या दोन घरी मात्र तिचा पाय पडत नसे. एका घरच्या बाईनं लग्नात तिला बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. दुसरं घर बॉस्कोचं. बॉस्कोच्या डुकरिणीची पिल्लं मेली तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "फ्लोरिनबायचा हात आता जड झायलाय." झालं. फ्लोरिननं त्याच दिवशी ठरवलं, बॉस्को पाया पडत आला तरच त्याच्या दारात जायचं. आणि तो येईल तो दिवस कसा असेल, हे ती भांडी घासताना पुन्हा पुन्हा मनात रंगवायची.

यंदा तिची स्वतःची रोझी व्याली. असं वेत तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पिल्लांना आईचे सड पुरेनात. फ्लोरिन इतकी खूश झाली की तिनं एक नाही, तीन-चार मुठी पेंढा नेला. आधी जेट्टीजवळ, कारण तिथली डुकरीण व्यायला टेकलेली होती. मग वर चर्चच्या मागे. मग मधल्या गल्लीत.

आठवड्याभरात रोझीनं खाणं सोडलं. अंग तव्यासारखं तापलं, कान जांभळे पडले, आणि पिल्लं एकामागून एक गेली. शेवटी रोझीही गेली. फ्लोरिन तिच्या शेजारी जमिनीवर बसून रडली, मोठ्यानं, कोणाची लाज न बाळगता. मग डोळे पुसले आणि विचार केला, हे कोणी केलं?

पहिला संशय गुणवंतवर. तो टेम्पोतून मीरा रोडच्या हॉटेलांचं खरकटं ड्रम भरून आणायचा आणि घरोघर डुकरांसाठी द्यायचा. "त्याच्या डरमात काय असतं कोणाला म्हाईत?" हे वाक्य फ्लोरिननं विहिरीपाशी टाकलं आणि घरी आली. पुढचं काम गावानं केलं. जेट्टीजवळचं डुक्कर पडलं, मग चर्चमागचं, तेव्हा गुणवंतचे ड्रम रस्त्यावर उपडे झाले आणि त्याला गावात यायची बंदी झाली.

त्याच दिवसांत पंचशीला आली. पशुवैद्यकीय कॉलेजात ती डुकरांमधले विषाणूंचे आजार कसे पसरतात यावर संशोधन करत होती. गोठ्यांत शिरण्याआधी ती पायात प्लास्टिकच्या पिशव्या चढवायची, निघताना त्या काढून जाळायची, आणि हात कोपरापर्यंत धुवायची. आमच्या घाणीची एवढी किळस, तर आली कशाला, असं फ्लोरिनला वाटलं.

"कुठं राहतेस गो?" तिनं विचारलं.

"सिल्व्हर पार्कला, मावशी."

संपलं. सिल्व्हर पार्क म्हणजे बिल्डिंगा, बिल्डिंगा म्हणजे बिल्डर, आणि बिल्डरला डुकरं गेल्याशिवाय गोठ्यांची जागा मिळणार कशी? फ्लोरिनचा हिशोब पक्का झाला.

"रक्त कशाला घेतेस?"

"ताप कोणता ते कळायला. यावर औषध नाही, मावशी. पुढं जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे. मी फक्त तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातोय ते शोधतेय."

"माणसाला लागतो?"

"नाही. माणूस फक्त घेऊन फिरू शकतो." पंचशीलानं मग सरळच विचारलं, "तुम्ही कोणाकोणाच्या गोठ्यात जाता?"

फ्लोरिनच्या मनात धोक्याची घंटा वाजली. ही आता म्हणणार, डॉक्टर नसताना डुकरांना हात लावते, चल चौकीवर. "मी कुठंच जात न्हाय," ती म्हणाली. "माजे गुडघे बघ."

पंचशीला गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "बरं." त्या बरं म्हणण्याचाही फ्लोरिनला संशय आला.

मग आणखी एक गोष्ट झाली. बॉस्कोनं आपल्या गोठ्याच्या कवाडाला कुलूप घातलं. दारात चुना टाकला. घरच्यांशिवाय कोणाला आत सोडेना. त्याची डुकरीण गाभण होती, आणि मेलेल्यांच्या मधोमध ठणठणीत होती. फ्लोरिन रस्त्यानं जाताना मान वळवून वळवून त्या चुन्याकडे बघायची. ज्याचं मरत नाही तोच मारतो, दुसरं काय? गुणवंत मागे पडला, बिल्डर मागे पडला, आता बॉस्को. गावात तिचं तेही बोलून झालं.

दुसऱ्या फेरीत पंचशीला थकलेली दिसत होती. फ्लोरिनच्या ओट्यावर बसून तिनं पाणी मागितलं आणि पिता पिता स्वतःशीच बोलावं तशी बोलू लागली.

"टेम्पो नाही, मावशी. टेम्पो चर्चकडून सुरू करायचा आणि सरळ जेट्टीला उतरायचा, सगळ्या घरांना देत. ताप तसा नाही गेला. आधी तुमच्याकडे, मग एकदम खाली जेट्टीला, मग उलटा वर चर्चच्या मागे, मग मधली गल्ली. त्यातही दोन घरं सोडून. खरकटं त्यांनीही घेतलं होतं. त्या दोघांना का सोडलं, तेच कळत नाही. बॉस्कोकाकांनी दार बंद केलं ते मी सांगितल्यावर, पण त्याआधीही त्यांना काही झालं नव्हतं."

ती दोन घरं कोणती, हे फ्लोरिनला कोणी सांगायची गरज नव्हती. जेट्टी आधी आणि चर्च नंतर, हा कोणाच्या पायांचा रस्ता होता तेही ती ओळखून होती.

"पेंढ्यातनं जातो?" तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जातो ना. पेंढ्यातून, चपलेतून, दोरीतून, हाताला लागलेल्या घाणीतून. जनावर आजारी दिसायच्या आधीपासून जातो." पंचशीलानं ग्लास खाली ठेवला. "का, मावशी?"

"असंच."

आता संशयानं बघायची पाळी पंचशीलाची होती. "तुमच्याकडे आधी कुठून आला ते कदाचित कधीच कळणार नाही," एवढं म्हणून ती गेली.

फ्लोरिननं डुकरं बांधायची दोरी जाळली, खच्ची करायचं पातं जाळात टाकलं, चपला जाळल्या. तोंडातून मात्र शब्द निघेना. विहिरीपाशी बायका बॉस्कोविषयी कुजबुजत होत्या, तेही तिच्याच शब्दांत, आणि ती घागर भरून मुकाट निघून येत होती. एकदा पाली गावाच्या नाक्यावर गुणवंत भेटला. "आन्टी, मी काय केलं ते तरी सांगा ना," तो म्हणाला, "धंदा बंद झालाय." फ्लोरिननं घाई असल्याचं सांगितलं आणि घरी येऊन दिवसभर काही खाल्लं नाही. चूक कळली म्हणून लगेच ती चव्हाट्यावर मांडायला माणूस धजत नाही. तीही धजली नाही.

मग एका दुपारी बॉस्कोची बायको, फ्लेव्हिया, धापा टाकत दारात आली.

"फ्लोरिनबाय, भांडण गिळ आता. डुकरीण सकाळपास्नं कळा देते, पिल्लू येत न्हाय. डॉक्टरबायला फोन केला, ती घोडबंदरला ट्रॅफिकमधी अटकली. बॉस्कोच बोलला, जा, बायला बोलव. पाया पडतो बोलला."

ज्या दिवसाची फ्लोरिननं इतकी वाट पाहिली तो हा दिवस. तारोडीत व्यायला तेवढी एकच डुकरीण उरली होती. तिचं हे वेत जगलं तर गावात पुन्हा पिल्लं दिसणार होती, नाहीतर गोठे आता रिकामेच राहणार होते. फ्लोरिन उठली, जुन्या सवयीनं पदर खोचला, आणि फ्लेव्हियाच्या मागे निघाली.

बॉस्कोच्या दारासमोर माणसं जमली होती. आतून डुकरिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. फ्लोरिन रस्त्यावर, चुन्याच्या अलीकडे थांबली. बॉस्कोनं कुलूप काढून कवाड सताड उघडलं, आणि फ्लेव्हिया चुन्यात पाय घासून आत शिरली.

"ये आत, बाय."

ती हलली नाही.

"अजून राग हाय?" बॉस्कोचा आवाज चढला. "मग तमाशा बघायला आयलीस?"

"मुकी जनावरं मरतात आणि हिला मान पायजे," मागून कोणीतरी बोललं. चर्चमागची बाई होती, जिचा गोठा रिकामा झाला होता.

फ्लोरिन वळली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "तुजी डुकरं मी मारली. रोझीखालचा पेंढा मी आणला तुज्याकडं, बरकत म्हणून. जेट्टीला मीच नेला, गल्लीत मीच. गुणवंतनं काय केलं न्हाय. बॉस्कोनं बी न्हाय. मी बोलली, तुमी ऐकलं." मग ती कवाडाकडे वळली. "ताप माज्या हातानं गेला. मी आत येणार न्हाय, बॉस्को. वाकून बस तू. साबणानं हात धू, पार कोपरापतूर."

बॉस्को धावत नळाकडे गेला.

"खोबरेल लाव. हळू आत घाल, कळ थांबली का मगच. काय लागतं हाताला?"

"शेपूट!" आतून बॉस्को ओरडला.

"उलटं हाय. मागचे पाय शोध. दोनी मिळाले का? आता कळ आली का ओढ, जोर लावू नको, तिच्याबरोबर ओढ."

ती चुन्याच्या अलीकडे उभी राहून ओरडत होती, तो आत घामाघूम होत होता, आणि गाव भोवती उभं होतं. पहिलं पिल्लू मेलेलंच आलं. त्याच्यामागचं मात्र आलं आणि ओरडलं, मग तिसरं, मग चौथं. बॉस्कोला हसू आवरेना. ओलं पिल्लू दोन्ही हातांत धरून तो कवाडापर्यंत आला, तिला दाखवायला.

फ्लोरिनचे हात आपोआप पुढं झाले. एक पाऊलही पडलं.

फ्लेव्हियानं झटकन पुढं होऊन कवाड तिच्या तोंडावर ओढून घेतलं. ओढलं आणि स्वतःचीच तिला लाज वाटली. फटीतून ती रडवेल्या डोळ्यांनी फ्लोरिनकडे बघत राहिली.

"बघत काय ऱ्हायलीस?" फ्लोरिन म्हणाली. "कुलूप लाव."