माझ्या नावावरची पिवळी नोंद

तळेगावजवळच्या आंबीतल्या एका कारखान्यात माझं काम होतं फॉर्म दुरुस्त करायचं. हे सांगितलं की लोणावळ्यातले आमचे शेजारी "अच्छा" म्हणून विषय बदलायचे. पण त्यात बारा भानगडी असतात. जुना फॉर्म पीडीएफमध्ये तीन साहेबांकडे पाठवायचा, मग ज्याने त्याने हव्या त्या ओळीला रंग फासायचा आणि समासात शेरा टाकायचा. आमच्याकडे रंग वाटून दिलेले होते. मोठ्या साहेबांचा लाल, सुरक्षा बघणाऱ्यांचा निळा, वकिलांचा हिरवा आणि उरलेला पिवळा माझा. ज्याच्या संगणकावरून शेरा आला त्याचं नाव त्यावर आपोआप पडायचं. परत आलेलं पान म्हणजे नुसती रंगपंचमी, आणि ते लख्ख करून देण्याची मला हौस. एकही शेरा न उरलेली फाइल पाठवताना मी स्वतःवरच खूश असायचे. आज ते सांगायला लाज वाटते.

कामगारांच्या माहितीचा फॉर्म नव्याने करायचं ठरलं तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, ज्यांची माहिती भरायची त्यांनाही विचारू या. साहेब म्हणाले, विचारा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन पॅकिंगच्या बायकांत जाऊन बसले.

बाकीच्या उठून गेल्यावर एक मावशी मागे राहिल्या. त्या लेण्यांच्या भाजे गावच्या, मळवलीहून लोकलने तळेगावला यायच्या आणि तिथून कंपनीच्या बसने. ठेकेदाराकडच्या जुन्या कामगार, पण आमच्या कारखान्यात नव्यानेच आलेल्या.

"बाई, हितं नवऱ्याचा फोन लिवायलाच लागंल का?"

'वडील/पती – मोबाइल' असा तो रकाना होता. मी विचारलं, काय अडचण आहे?

"त्याला सोडलाय मी. भनीकडं ऱ्हाते. भाज्यात पाय ठेवायची त्याची हिंमत न्हाई, दाजी हायेत तितं. पन मी कामाला कुटं जाते त्ये त्याला ठावं न्हाई. कळलं तर हितं गेटवर येऊन बसंल. लय मारायचा वो. भनीचा नंबर लिवा की."

मी त्या रकान्याला पिवळा रंग दिला आणि त्यांच्यासमोरच टाइप केलं, 'जवळच्या कोणाचाही नंबर चालावा. पतीचा सक्तीचा नको.' वाचूनही दाखवलं.

"लिवलं न्हवं?"

"लिहिलं, मावशी."

त्या डबा घेऊन गेल्या. शेरा माझ्या संगणकावरून पडला, म्हणून त्यावर नाव माझं आलं. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात फाइल बंद करायची होती. माझी एक पद्धत होती. साहेबांचे शेरे एकेक करून बघायचे, दुरुस्ती करायची, खाली 'झाले' असं उत्तर लिहायचं. माझे स्वतःचे पिवळे शेरे म्हणजे 'ओळ सरकली आहे', 'अक्षर लहान करणे' असली आठवणीची टिपणं. ती शेवटी नावाने वेगळी काढायची, सगळी निवडायची आणि हातासरशी उडवायची. त्या दिवशीही तेच केलं. 'अति घाई संकटात नेई' ही घाटातली पाटी वाचत मी लहानाची मोठी झालेली बाई, पण घाईत कसली पाटी आठवते! त्याच रकान्यावर मोठ्या साहेबांचा लाल शेरा होता, 'हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये.' तेवढं मात्र मी इमानदारीत केलं. मग फाइल पाठवली आणि चहा प्यायला गेले.

तीन-चार महिन्यांनी मावशींचं बोट मशीनमध्ये कापलं. टाके घालण्यापुरतंच, पण प्रथमोपचाराच्या खोलीतून नियमाप्रमाणे फॉर्मवरच्या नंबरवर फोन गेला. नंबर नवऱ्याचा होता. ठेकेदाराच्या माणसाने फॉर्म भरताना तो रकाना मोकळा सोडून पुढे जाता येईना, म्हणून मावशी नवऱ्याकडे राहत होत्या तेव्हाच्या आपल्याकडच्या जुन्या कागदांवरून उचलून घातला होता. नवरा त्याच दुपारी गेटवर आला. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि सुटीच्या वेळी त्याने बसमध्ये चढणाऱ्या मावशींना सगळ्यांदेखत केसांना धरून खाली ओढलं. वॉचमन धावले म्हणून सुटल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मी जुनी प्रत उघडून तो पिवळा शेरा शोधून काढला. समासात व्यवस्थित होता, वर माझं नाव. साहेबांचं एक अक्षरही मी कधी न वाचता पुसलं नव्हतं. मावशींचं बोलणं माझ्या नावावर पडलं आणि माझ्याच कचऱ्याबरोबर गेलं. साहेबांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच रकाना बदलायला लावला. बैल गेला आणि झोपा केला.

एका रविवारी भाज्याला गेले. लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी होती. मावशी एका खानावळीच्या मागे भांडी घासत होत्या. आता शनिवार-रविवार एवढंच काम. मला बघून हात पुसत उठल्या, स्टूल दिलं, चहा सांगितला. मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. माझ्या हातून पुसलं गेलं, माझी चूक आहे, म्हटलं. चहा आला तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मीच, कुणास ठाऊक का, विचारलं, "पण मावशी, तो माणूस फॉर्म भरत होता तेव्हा तुम्ही समोरच होतात ना? त्याला थांबवायचं नाही का?" माझा आवाज जरा चढलाच होता. थोडी तरी चूक त्यांच्या पदरात घालायला मी बघत होते.

"थांबवनार व्हते की," मावशी म्हणाल्या. "मग म्हनलं, कशाला? बाईंनी लिवून घेतलंय."