जावयाची शीट

संगणकाचा डबा, म्हणजे कॅबिनेट, घरीच करणार, असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा बायकोनं भाजी वाढता वाढता एवढंच विचारलं, "का, बाजारात मिळत नाहीत?"

मिळतात. पण हल्लीच्या डब्यांना समोरून वरातीत शोभतील असे लाल-हिरवे दिवे असतात, आणि पत्रा असा की बोट टेकवलं तरी खड्डा पडावा. माझा जुना डबा खालून गंजून गेला होता. मला अ‍ॅक्रिलिकचा हवा होता, आरपार दिसणारा, आतला पंखा फिरताना दिसेल असा. मी शाळेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं दुसऱ्या कागदावर उतरवतो. आपल्या हातची एक तरी धड वस्तू घरात असावी आणि घरातल्यांनी तिच्याकडे बघून 'हे ह्यांनी केलं' म्हणावं, एवढीच हौस. घरातले म्हणजे तरी कोण, बायकोच.

नांदेडात अ‍ॅक्रिलिकची शीट मिळते, तुकडा मिळत नाही. नंबरप्लेट करणाऱ्यांपासून फर्निचरच्या सामानवाल्यांपर्यंत वजिराबादची सगळी बाजारपेठ पालथी घातली. जो तो आठ बाय चारची अख्खी शीट घ्या म्हणे. तेवढ्यात मी अख्ख्या गल्लीचे संगणक झाकले असते. रेडियमच्या दुकानातल्या एका चाचांनी मी काढून नेलेलं डब्याचं चित्र चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "टुकडा नक्को बोलो साब. टुकडे में हमारा नंबरप्लेट निकलता. और डब्बा तो लोहे काच अच्छा रहता." ऑनलाइन तुकडे होते, पण तुकड्यांपेक्षा ते पोचवण्याचाच खर्च जास्त. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग बायकोच म्हणाली, "लातूरला माझ्या भावाला विचारा की. त्याच्याकडं ढिगानं पडलेली असते."

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, लातूरला अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड बनवतो. तिथं एका क्लासशेजारी दुसरा क्लास, त्यामुळे त्याला दम खायला फुरसत नाही. त्याला विचारायला मी कचरत होतो, त्याला कारण आहे. सासरहून आलेल्या वस्तूचे पैसे देता येत नाहीत, आणि पैसे दिले नाहीत की तिच्यात खोट काढता येत नाही. आमच्याकडे जावयाचा मान मोठा, पण त्या मानात जावयाचं तोंड शिवलेलं असतं. तरी फोन केला.

"दाजी, पैशाचं नावच काढू नका," मेहुणा म्हणाला. "जावयाकडून पैसे घेतले तर आई मला घरात घेणार न्हाई. किती पाहिजे तेवढी शीट देतो."

आठवड्याभरात लातूरहून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर गठ्ठा आला. माझ्या मापाहून बोटभर मोठे सहा तुकडे, कडा सरळ, दोन्ही बाजूंना पांढरा कागद घट्ट चिकटवलेला. मी खूश झालो. अ‍ॅक्रिलिकच्या कामात हा कागद शेवटपर्यंत काढायचा नसतो. त्याच्यावरच पेन्सिलनं आखायचं, त्याच्यावरूनच भोकं पाडायची, म्हणजे ओरखडे उठले तर कागदावर उठतात. सगळं जमून आलं की शेवटी कागद सोलायचा. नव्या नवरीचा घुंगट शेवटी काढतात तसं, असं मी बायकोला सांगितलं. ती हसली नाही, पण मी ते मनावर घेतलं नाही.

शाळेतून आलो की मी गॅलरीत बसायचो. करवतीच्या पात्याचं टोक घासून आकडीसारखं करून त्यानं रेघ ओढायची, पुन्हा पुन्हा तीच रेघ, मग टेबलाच्या कडेवर ठेवून एकदाच दाबायचं. ड्रिल हळू चालवायचं, मध्येमध्ये पाण्याचा थेंब सोडायचा, नाहीतर प्लास्टिक वितळून चिकटतं. एकही तुकडा तडकला नाही. हाताला फोड आले, त्याचाही मला अभिमान वाटला. रविवारी पितळी स्क्रू आवळून सहाही बाजू जोडून पाहिल्या आणि डबा काटकोनात उभा राहिला. मी बायकोला हाक मारली. तिच्यासमोरच कागद सोलायचा असं ठरवलं होतं.

कागद सोलला, तर खालची शीट पिवळट होती. आणि पिवळटपणा परवडला, पण जुन्या बशीला पडतात तशा बारीक चिरांचं जाळं सगळीकडं पसरलेलं. एका तुकड्यावर चिकटपट्टीचा चौकोनी डाग. काय आहे ते लगेच कळलं. करोनात क्लासवाल्यांनी काउंटरवर ज्या पारदर्शक भिंती उभ्या केल्या होत्या त्याच ह्या. रोज सॅनिटायझरनं पुसून पुसून त्यांना चिरा गेलेल्या. आतला पंखा दिसायचा सोडा, पंखा आहे की नाही तेही कळेना.

जुनी शीट दिल्याचं मला वाईट वाटलं नाही. जुनी म्हणून दिली असती तर कपाळाला लावून घेतली असती. पण तिच्यावर नवा कागद चिकटवला होता. मुद्दाम, दोन्ही बाजूंनी. म्हणजे मेहुणा बसून, कागद ताणून, मला फसवायची तयारी करत होता. त्याला संगणकावर अक्षरं मांडायला मी शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी त्याला जेवताना, चहा पिताना, मोजे घालताना शिव्या दिल्या. लबाड म्हणालो, व्यापारी म्हणालो, उलट्या काळजाचा म्हणालो. बायको काही बोलली नाही. एरवी तिच्या माहेरच्या कुत्र्याला कोणी हाड म्हटलं तरी तिला चालत नाही. मला वाटलं, बिचारी भावाच्या करणीनं शरमली आहे. मला तिची दया आली.

मग मेहुण्याच्या मुलीच्या जावळाला लातूरला जाणं आलं. मला पाटावर बसवून कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला. मी तोंड फुगवून बसलो होतो. जेवणं झाल्यावर मेहुण्यानंच मला गच्चीवर नेलं.

"काय झालंय दाजी? सकाळपासून तोंड पाडून बसलाव."

मी सगळं ओकलो. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्या नवीच कापायला काढली व्हती. त्याच दिवशी अक्काचा फोन आला. म्हणली, नवी शीट फोडू नकोस, जुनं काही पडलं असंल तर दे. चार दिवस खेळतील अन् टाकून देतील. आता जावयाला जुनी शीट उघडी कशी द्यावी? बरं दिसतंय का? म्हणून कागद लावला. अक्काला म्हणू नका म्या सांगितलं म्हणून."

"नाही सांगत," एवढं म्हणून मी जिना उतरलो. खाली बायको तिच्या आईच्या शेजारी बसून सुपारी कातरत होती आणि मोकळी हसत होती. परका माणूस फसवतो तेव्हा निदान राग तरी येतो.

परतीची बस अहमदपूरला पोचली. मेहुण्याला दिलेला शब्द पाळायचा होता, पण राहवलं नाही. मी विचारलं, "जुनी शीट दे म्हणून तू सांगितलंस?"

तिनं नाही म्हटलं नाही. "हाव, सांगितलं. माशांची काचपेटी अर्धी करून माळ्यावर टाकली तुम्ही. इन्व्हर्टर खोलला तो तसाच पडलाय. त्यानं चांगल्या शीटचं नुकसान कशाला करून घ्यायचं?"

"मग मी त्याला एवढ्या शिव्या देत होतो, तेव्हा का बोलली नाहीस?"

"त्याला कुठं ऐकू येत होत्या?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. सोयाबीनची कापणी झालेली, रानं मोकळी दिसत होती. मी म्हणालो, "पण ह्या वेळी पूर्ण केलं ना मी?"

"केलं की," ती म्हणाली. मग पदर सावरत, बस किती वाजता पोचेल हे सांगावं इतक्या सहज म्हणाली, "मला काय माहीत, तुम्ही खरंच पूर्ण कराल म्हणून."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो. लोह्याला बस थांबली तेव्हा तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली. मला तहान लागली होती. मी नको म्हणालो.