स्तेफनाच्या आख्यानाची वही

वडील गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे वारले. दफन त्याच दिवशी दुपारी चार वाजता झाले. शवपेटीत त्यांच्या छातीवर, दोन्ही हातांखाली, त्यांचे बायबल ठेवले आहे असे आम्ही सगळे समजत होतो. ते बायबल नव्हते.

वडील ख्रिस्ती कीर्तनकार होते. नोकरी शाळेत मास्तरकीची, कीर्तने सुट्टीच्या दिवशी. शहरातल्या चर्चमध्ये, बिडकीनला, कधी फर्दापूरकडच्या एखाद्या वस्तीवर. त्यांची अकरा आख्याने होती, आणि सगळी रक्तसाक्ष्यांची, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांची. यरुशलेमात दगडमाराने मेलेला स्तेफन. स्मुर्णा शहरात म्हातारपणी चितेवर चढवलेला पॉलिकार्प. कार्थेजच्या तुरुंगात तान्हे मूल आपल्या आईच्या हाती देणारी पर्पेतुआ. स्तेफनाचे आख्यान दरवर्षी २६ डिसेंबरला, त्याच्या सणाच्या दिवशी, ठरलेले असे. त्यात दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवली, ही ओळ आली की वडील पुढच्या रांगेतल्या लोकांचे स्वेटर मागून घेत आणि स्वतःच्या हातावर टाकत. मग पुढचा अर्धा तास ते ओझे घेऊनच बोलत. ज्याने एकही दगड उचलला नाही, फक्त कपडे सांभाळले, त्याच्यावर. हा शौलच पुढे प्रेषित पौल झाला. वडील मात्र ते शेवटपर्यंत सांगत नसत.

ही आख्याने एका वहीत होती. वहीची नक्कल कोणाला द्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या गुरूंनीही वही जिवंतपणी दिली नव्हती. वडिलांच्या मागे ती त्यांच्या टाळकऱ्याला मिळायची होती. टाळकरी बिडकीनचे, साठीचे, पंचवीस वर्षे वडिलांच्या डाव्या हाताला उभे राहिलेले. वडिलांनी त्यांना हे आमच्यासमोर सांगितले होते.

वहीला आणि बायबलला वडिलांनी एकाच काळ्या रेक्झिनचे कव्हर घातले होते. औरंगपुऱ्यातल्या बाइंडरकडून, एका तुकड्यातून, एकाच दिवशी. आकारही जवळजवळ सारखा. दोन्ही उशाशी असत.

आमच्याकडे माणसाचे बायबल त्याच्या हाताखाली ठेवून पेटी बंद करतात. ते आणायला आत्या आत गेली. वडिलांची ही धाकटी बहीण आमच्याकडेच राहते. तिने आणले, मी ते वडिलांच्या हाताखाली सरकवले. दोघांपैकी कोणीही उघडून पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनासभा झाली. लोक गेल्यावर टाळकरी थांबले.

"भाऊ, वही नेतो मी. सण आला जवळ. पाठ कराया लागंल."

मी उशाजवळचे काळे पुस्तक आणून त्यांच्या हातात दिले. त्यांनी उघडले, पाने चाळली आणि परत माझ्याकडे धरले.

"हे तर बायबल हाय."

आत्या दारात उभी होती. मी वर्तमानपत्रात प्रुफे तपासतो, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "जन्मभर पेपरात लोकायच्या चुका काढल्या ना तू? एक पान उघडून बघाया काय झालं होतं?"

"आणलं तर तूच ना, आत्या."

"मला वाचता येतं का?"

टाळकऱ्यांनी पुस्तक पलंगावर ठेवले. "जाऊ द्या, आक्का," ते म्हणाले. "त्यायनी कुणालाच दिली नसती. सोबतच नेली."

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. मंडळीचे सचिव तिथेच बसले होते. कबर उघडायला सरकारी आदेश लागतो, पाळकसाहेबांनी सांगितले. तो पोलीस प्रकरणात मिळतो, वहीसाठी मिळत नाही.

"अर्ज तर करतो," मी म्हणालो.

"करा," सचिव म्हणाले. "पण खाली कारण काय लिहिणार? कागद पेटीत राहिला?"

मी अर्ज लिहिला. त्यावर वडिलांच्या सख्ख्या नातेवाइकांच्या सह्या हव्या होत्या. आत्याने अंगठा द्यायला नकार दिला. "माती झाली त्याची. आता उकरू नका," एवढेच ती म्हणाली. अर्ज दिला गेला नाही.

त्यानंतर चार रविवार टाळकरी दुपारी आमच्याकडे आले. मी फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्यासमोर ठेवत असे. त्यांना सगळी ध्रुपदे, म्हणजे पदांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, आठवत होती. टाळ कुठे थांबतो, कुठे दुप्पट होतो, हे त्यांनी अकराही आख्यानांचे बिनचूक सांगितले. शब्द येत नव्हते. पॉलिकार्पाच्या आख्यानात न्यायाधीश त्याला काय विचारतो ते आठवले. वडील त्यावर काय बोलत, ते नाही. पर्पेतुआच्या वेळी बाया रडत, एवढेच आठवले. स्तेफनाचे आख्यान सुरुवातीची सुमारे दहा मिनिटे आले आणि स्वेटर मागण्यापाशी थांबले.

"पुढं वडील काय म्हणायचे?" मी विचारले.

"पुढं लई म्हणायचे. माझं ध्यान टाळाकडं, भाऊ. मला काय ठाव, मला पुसतील म्हणून?"

या संतांची माहिती छापील पुस्तकांत आहे. स्तेफनाची हकिगत बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या-सातव्या अध्यायात आहे. मी ती टाळकऱ्यांना वाचून दाखवली. ऐकून ते म्हणाले, "हे खरंय. पण हे कीर्तन नाय."

मंडळीतल्या लोकांकडे चौकशी केली. एकाच्या फोनमध्ये एक व्हिडिओ मिळाला, चाळीस सेकंदांचा. त्यात पंख्याचा आवाज आहे, वडिलांचा हात आणि त्यावरचे स्वेटर दिसतात. बोलणे ऐकू येत नाही. चौथ्या रविवारी जाताना टाळकऱ्यांनी टाळांची पिशवी उचलली. पुढच्या रविवारी येतो, असे ते म्हणाले नाहीत.

२६ डिसेंबरला सकाळी दहा वाजता उपासना सुरू झाली. पत्रिकेत कीर्तनाच्या जागी 'वाचन' असे छापले होते. सचिवांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सातवा अध्याय वाचला. आत्या माझ्या शेजारी बसली होती. उपासना पन्नास मिनिटांत संपली. टाळकरी बिडकीनहून आले नव्हते.