हात दाखवा, गाडी थांबवा

पालघरहून मनोरच्या एस.टी.त एकनाथ सरांच्या शेजारी बसायचं नाही, असं आमच्या बोईसरच्या आळीत कधीचंच ठरलंय. रस्त्यावर कुणी हात केला आणि ड्रायव्हरने गाडी दामटली, की सर उठून ओरडणार, "अहो थांबवा! हात केलाय!" थांबा असो वा नसो. एकदा तर शेतातल्या माणसाने कावळे हाकलायला हात उडवला आणि सरांनी गाडी थांबवली. तो माणूस घाबरून बांधावरून पळाला.

हसून घ्या. आम्हीही वीस वर्षं हसलो. पण कारण कळल्यापासून हसू अर्ध्यावर अडकतं.

गोष्ट जुनी आहे. सर तेव्हा सर नव्हते, नुसता एकनाथ होता. बाप झुंबर नगरकडून येऊन तारापूरच्या कारखान्यात लागलेला, पोरगा बी.एड. करणारा. त्याची इंग्रजीची तयारी आख्ख्या आळीला पाठ झाली होती. पहाटे मोरीत तोंड धुताना हा जोरात म्हणायचा, "आय ॲम वॉशिंग माय फेस!" चिंचणीहून सुके बोंबील विकायला येणारी काशीबाई दारातूनच विचारायची, "काय रं मास्तर, आज आंगोळ कंच्या भाषेत?"

सरावाच्या पाठांसाठी त्याला मासवणची शाळा मिळाली. तिथे मागच्या रांगेत नवसी बसायची, पाड्यावरची, अकरा-बारा वर्षांची. काही विचारलं की खाली बघायची. वर्गात गप्प बसते तर निदान हातपाय हलवू दे, म्हणून एकनाथने तिला फळा पुसायचं काम दिलं. ती पुसायला लागली की तो वर्गाला विचारायचा, "व्हॉट इज नवसी डूइंग?" आणि वर्ग गर्जायचा, "नवसी इज क्लीनिंग द बोर्ड!" रोज. महिनाभर.

तेवढ्यात पालघरला इंग्रजी शिक्षकांचं अधिवेशन ठरलं आणि नमुना पाठासाठी कॉलेजने एकनाथचं नाव दिलं. झुंबरने नवा शर्ट शिवून आणला. राहीबाईने, म्हणजे त्याच्या आईने, शेजारणींना सांगितलं की पोरगा साहेब लोकांना इंग्रजी शिकवणार आहे. एकनाथची मात्र झोप उडाली. दीडशे शिक्षक, पुण्याहून मोठे पाहुणे, आणि मासवणची पोरं गप्प बसली तर?

शाळेतले जुने भगवंत गुरुजी म्हणाले, "येडा हायस का? सगळ्यांना हात वर करायला सांग. येतं त्याने उजवा, नाय येत त्याने डावा. साहेबाला काय, हाताचं रान दिसतं. तू उजवे बघून उठवायचं."

आठ दिवस तालीम झाली. टेंपोत बसवून पोरं पालघरला आणली. पाठ असा रंगला की काय सांगावं! प्रश्न विचारला की चाळीस हात वर, आणि उठवलेलं पोर फाडकन उत्तर देणार. शिक्षक माना डोलवत होते.

शेवटी पाहुणे स्वतः उठले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसत पोरांसमोर उभे राहिले आणि विचारलं, "व्हॉट ॲम आय डूइंग?"

हे तालमीत नव्हतं. चाळीस हात वर गेले. एकनाथने पाहिलं, सगळे डावे. फक्त मागच्या रांगेत एक उजवा. नवसीचा.

त्याच्या मनात आलं, पोरगी घाबरून उजवं-डावं विसरली. उठवली तर खाली बघत उभी राहील आणि केलेल्यावर पाणी पडेल. त्याने पहिल्या रांगेतल्या हुशार दमयंतीला उठवलं. डावा हात होता तरीही.

"यू आर अ टीचर, सर," दमयंती म्हणाली. सभागृह कौतुकाने हसलं. पाहुणे "फाइन, फाइन" म्हणून बसले. टाळ्या पडल्या. त्या पूर्ण थांबेपर्यंत नवसीचा हात वरच होता.

परतताना टेंपोत पोरं बटाटेवडे खात होती. एकनाथने हळूच विचारलं, "नवसे, उजवा हात कुठला, कळतं ना गं?"

"कळतं."

"मग?"

"यू आर क्लीनिंग युवर चश्मा, सर," ती म्हणाली. थांबून म्हणाली, "तुमी माज्याकडं बगितलं व्हतं."

"नाही गं. गर्दीत दिसलाच नाही तुझा हात."

हे खोटं का बोललो, ते त्याला अजून सांगता येत नाही. नवसीने वडा फडक्यात बांधला आणि मासवण येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

त्या पाठाचं प्रशस्तिपत्र झुंबरने चौकटीत बसवून पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला टांगलं. पेढे आम्हीही खाल्ले. एकनाथने मनाशी ठरवलं होतं, मासवणला जायचं, भर वर्गात तोच प्रश्न विचारायचा आणि नवसीलाच उठवायचं. पण सरावाचे पाठ संपले होते. मग परीक्षा, मग निकाल. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणता म्हणता दिवाळी उलटली.

गेला तेव्हा नवसीच्या झोपडीच्या दाराला झावळ्यांचं झाप लावून बंद केलेलं. शेजारचा देवू म्हणाला, "आईबापासंगं ईटभट्टीवर गेली. बाप तिला मागं ठेवणार व्हता, साळंसाठी. तीच बोलली, मी पन येतं. साळंत काय, नुस्ता हात वर करून बसायचा."

पुढे एकनाथला मनोरकडेच नोकरी लागली. त्याच्या वर्गात हात वर करायची पद्धत नाही. हजेरीपुस्तक उघडून एकेका पोराला नावाने उठवतो. पाड्यावर दोनतीनदा विचारून आला. ती माणसं दुसऱ्याच भट्टीला लागली, एवढंच कळलं.

परवा मी विसरून त्याच्याच शेजारी बसलो. मासवणच्या फाट्याअलीकडे डोक्यावर भारा घेतलेल्या बाईने हात केला. सर ओरडले, गाडी थांबली, बाई चढली. सरांनी तिचा चेहरा नीट पाहिला आणि खिडकीकडे वळले.

"कोण ओळखीची का, सर?" कंडक्टरने डोळा मारत विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "पण तिने हात केला होता ना."

मला जिभेवर आलेला टोमणा गिळावा लागला.